नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (जन्म : करजगाव, रत्नागिरी जिल्हा, ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे मराठी कवी आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. रेव्हरंड टिळक या नावाने ते ओळखले जातात. ख्रिस्ती भक्तीला मराठी संतकाव्याची भाषा देणे हे त्यांचे प्रमुख कार्य होय.

जीवन
नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८८० मध्ये त्यांचा विवाह मनकर्णिका गोखले यांच्याशी झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आल्या.

नागपूर येथील वास्तव्य टिळकांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम केले आणि 'ऋषी' हे मासिक चालवले. १८९३ च्या सुमारास राजनांदगावला जाताना रेल्वेत भेटलेल्या एका मिशनऱ्याने त्यांना 'नवा करार' दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते विशेष प्रभावित झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतराने कुटुंब दुभंगले. लक्ष्मीबाई काही वर्षे नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि स्वतःच्या विचारांती १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. मात्र ख्रिस्ती समाजाने परदेशी वळण सोडून भारतीय व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यातूनच १९१७ मध्ये त्यांनी मिशनपासून स्वतंत्र अशा 'देवाचा दरबार' या बंधुसंघाची स्थापना केली.

काव्य
तत्कालीन मराठी ख्रिस्ती उपासनेतील बरीचशी गीते इंग्रजीवरून अनुवादित होती. टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन हे प्रकार स्वीकारले. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. 'अभंगांजली' हा संग्रह याच भूमिकेतून घडला. निसर्ग, बालके आणि कौटुंबिक जीवन यांवरील कवितांमुळे ते फुलामुलांचे कवी म्हणून ख्यात झाले. 'वनवासी फूल' हे त्यांचे दीर्घकाव्य प्रसिद्ध आहे. येशूच्या चरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. सुरुवातीचे सुमारे दहा अध्याय त्यांचे असून पुढील बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले.

प्रभाव
धर्मांतरामुळे स्वकीयांचा रोष ओढवूनही टिळकांना मराठी कवितेत मानाचे स्थान मिळाले. त्र्यंबक बापूजी ठोमरे ऊर्फ बालकवी काही काळ त्यांच्या घरी राहिले होते. बालकवींच्या घडणीत या सहवासाचा वाटा मानला जातो. टिळकांची गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायिली जातात. जे. सी. विन्स्लो यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये प्रकाशित झाले. सर्वसामान्य मराठी वाचकाला मात्र टिळकांचा परिचय मुख्यतः लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातून होतो. धर्मांतराची झळ सोसलेल्या पत्नीनेच त्यांचे व्यक्तिचित्र त्यात रेखाटले आहे.