विल्यम टेट : प्रकाशनव्यवसाय आणि राजकीय निष्ठा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एडिंबरो हे ब्रिटनमधील नियतकालिकांचे एक प्रमुख केंद्र होते. १८०२ मध्ये निघालेला ‘एडिंबरो रिव्ह्यू’ व्हिग पक्षाचा, तर १८१७ मध्ये सुरू झालेले ‘ब्लॅकवुड्स मॅगझीन’ टोरी पक्षाचे. या दोहोंच्या पलीकडे असलेल्या जहाल सुधारणावाद्यांना एडिंबरोमध्ये त्या तोलाचे वाङ्मयीन व्यासपीठ नव्हते. ते उभे केले विल्यम टेट या ग्रंथविक्रेत्या-प्रकाशकाने.

एप्रिल १८३२ मध्ये ‘टेट्स एडिंबरो मॅगझीन’ सुरू झाले, तेव्हा मताधिकाराच्या विस्ताराची चळवळ ऐन भरात होती. त्याच वर्षीच्या कायद्याने स्कॉटलंडमधील मतदारांची संख्या सुमारे ४,५०० वरून सुमारे ६५,००० झाली. श्रमिक वर्ग मात्र बहुतांशी वंचितच राहिला. पुढच्याच वर्षी टेट यांच्या निष्ठेची कसोटी लागली. प्रस्थापित चर्चच्या धर्मोपदेशकांच्या वेतनासाठी एडिंबरोत ‘ॲन्युइटी टॅक्स’ घेतला जाई. अन्य पंथीयांनाही तो भरावा लागे. वकीलवर्गाला मात्र त्यातून सूट होती. टेट यांनी हा कर भरण्यास नकार दिला आणि १८३३ मध्ये कारावास पत्करला. त्यांच्या सुटकेच्या वेळी नागरिकांनी मोठी मिरवणूक काढली.

हीच भूमिका त्यांच्या व्यवसायातही दिसते. १८३४ मध्ये त्यांनी मासिकाची किंमत अडीच शिलिंगांवरून एक शिलिंगावर आणली. ज्यांना मत नव्हते, अशा अनेकांच्या आवाक्यात त्यामुळे गंभीर वाङ्मय आले. त्याच वर्षी ‘जॉन्स्टन्स एडिंबरो मॅगझीन’ त्यात विलीन झाले आणि संपादनाची धुरा कादंबरीकार ख्रिश्चन इझोबेल जॉन्स्टन यांच्याकडे आली. एका स्त्रीने प्रमुख मासिकाचे संपादन करणे त्या काळी अपूर्व होते. मासिक टेट यांच्या नावाने ओळखले जात राहिल्याने जॉन्स्टन यांचे कर्तृत्व दीर्घकाळ झाकोळले गेले, हेही नोंदविले पाहिजे.

टेट यांचा जहालपणा वाङ्मयाच्या बाबतीत संकुचित नव्हता. टोरी मताचे टॉमस डी क्विन्सी यांची आत्मचरित्रपर लेखमाला आणि वर्ड्सवर्थ, कोलरिज यांच्या आठवणी याच मासिकात प्रसिद्ध झाल्या. टोरी इतिहासकार पॅट्रिक फ्रेझर टायटलर यांचा स्कॉटलंडचा इतिहास टेट यांनीच प्रकाशित केला. आणि जॉन बाउरिंग यांच्या देखरेखीखालील जेरेमी बेंथम यांचे समग्र वाङ्मय १८३८ ते १८४३ या काळात ११ खंडांत आणले तेही त्यांनीच.

१८४६ च्या सुमारास त्यांनी मासिक विकले व निवृत्ती पत्करली. १८६० मध्ये ॲन्युइटी टॅक्स रद्द करणारा कायदा झाला. १८६१ मध्ये मासिक बंद पडले. १८६४ मध्ये टेट यांचे निधन झाले. वाङ्मयेतिहास लेखकांच्या नावाने लिहिला जातो. परंतु ग्रंथ कोणापर्यंत आणि कोणत्या किमतीला पोहोचावा, हा निर्णयही वाङ्मयाचा इतिहास घडवतो, याची साक्ष टेट यांचे चरित्र देते.