संडासाच्या टाकीतून चूल पेटवणारे 'कोकणचे गांधी'

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या खाऱ्या चिखलात मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव सापडतात. त्यांचेच भाऊबंद गोबर गॅसच्या टाकीतही राबतात. महाराष्ट्रात या जीवांना संडासाच्या टाकीत कामाला लावणाऱ्यांमध्ये एक नाव फार आधी घ्यावं लागतं, ते म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. तत्त्वज्ञानात एम.ए. केलं, पुण्यात काही काळ प्राध्यापकीही केली. मग सगळं सोडून ते गांधीजींकडे गेले. १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात ते आघाडीवर होते.

१९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मागणी काय करावी? मैला साफ करायचं काम मला द्या! ब्राह्मण कैद्याला हे काम देणं तुरुंगाच्या नियमात बसत नव्हतं. अप्पासाहेबांनी अन्न कमी केलं. येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण केलं आणि सरकारला नमतं घ्यावं लागलं.

पण चार सवर्णांनी झाडू हातात घेतल्यानं डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा थांबणार नव्हती. मैला हातात घ्यायची गरजच पडू नये, असा संडास हवा होता. स्वातंत्र्यानंतर कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात त्यांनी तेच केलं. मैल्याचं खत होईल असे साधे, स्वस्त संडास त्यांनी बनवले आणि मग संडासाला जोडलेला गॅस प्लँटही.

यामागचं विज्ञान सोपं आहे. बंद टाकीत हवा नसते. आधी काही जिवाणू मैल्याचे बारीक घटक करतात, शेवटी मिथेनवाले जीव त्यातून जळणारा वायू काढतात. त्यांना ऊब लागते. बहुतेकांना ३५ अंशांच्या आसपास बरं वाटतं, तर उष्णताप्रेमी प्रकार ५५ अंशांजवळ जोमानं काम करतात आणि तेवढ्या तापमानात रोगजंतूही मरतात. गावातली टाकी मुद्दाम तापवल्याशिवाय इतकी गरम होत नाही. थंडीत गॅस कमी येतो तो म्हणूनच. कोकणात कडाक्याची थंडी नसते, हे गोपुरीच्या पथ्यावरच पडणारं.

मैल्याच्या गॅसवर भाकरी भाजायची म्हटलं की अजूनही अनेकांचं नाक मुरडतं. ज्योतीला मात्र वास नसतो.

१९७१ मध्ये अप्पासाहेब गेले. त्यांची 'मलप्रभा' गॅस प्लँटची कल्पना देहूचे डॉ. मापुसकर यांनी सुधारून पुढे नेली. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.