भास्कराचार्यांच्या ‘दृढ’ संख्या

म. सा. वि. कशासाठी काढायचा, हे मला भास्कराचार्यांमुळे उमगले. जन्म १११४चा, वडील महेश्वर हेच गुरू. ११५० साली, वयाच्या ३६व्या वर्षी, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. त्यात विचारले आहे : २२१ला कितीने गुणून ६५ मिळवावे, म्हणजे १९५ने निःशेष भाग जाईल? आचार्य प्रथम तिन्ही संख्यांना १३ने भागतात. उरतात १७, १५, ५. १७ व १५ यांना १खेरीज सामाईक विभाजक नाही. त्यांना ते ‘दृढ’ म्हणतात. आपण सहमूळ म्हणतो. आता गणित सोपे, उत्तर ५. पुढे नातू चांगदेव यांनी १२०७ साली चाळीसगावजवळच्या पाटणला या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. आचार्यांना विद्या घरातच मिळाली. माझ्या घरी शिकवणारे कोणी नाही, तरी ग्रंथामुळे ती माझ्यापर्यंत पोचली.