टीबीचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख बुळकांडीशीही लढले होते

डहाणू/तलासरी : लाळ-खुरकुताची लस घेऊन गुरांचा डॉक्टर पाड्यावर आला की कुणी ना कुणी गुरं रानात हाकलतोच. सुई टोचली की दूध आटतं, गाभण गाय गाभडते अशी धास्ती असते. ती अगदीच उगाच आहे असंही नाही. टोचल्यावर दोन-तीन दिवस अंगात कसर राहते, दूध थोडं कमी येतं. पण लस नव्हती तेव्हा काय व्हायचं हे ज्यांनी पाहिलं, ती पिढी आता फारशी उरली नाही. त्यांच्या तोंडी एक शब्द असायचा, बुळकांडी. आधी ताप, मग तोंडात फोड, मग पाण्यासारखी हागवण, आणि आठ-दहा दिवसांत गोठा रिकामा.

या बुळकांडीशी झुंजलेल्या माणसांत एक नाव असं आहे, जे आपल्याकडे टीबीमुळे माहीत आहे. ते म्हणजे रॉबर्ट कॉख. बेडका तपासताना आजही जो जंतू शोधतात तो त्यांनी १८८२ साली २४ मार्चला बर्लिनमध्ये जाहीर केला, म्हणून तो दिवस जागतिक क्षयरोग दिन. पण कॉख यांची सुरुवात माणसाच्या रोगानं झाली नव्हती. ती झाली मेलेल्या गुरांपासून.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ चा, जर्मनीतल्या क्लाउस्टाल या खाणींच्या गावातला. वडील खाणीतले अधिकारी, घरात पोरांचं लेंढार. डॉक्टरकी शिकले, लढाईत जखमींवर उपचार केले आणि १८७२ मध्ये व्होलस्टाइन नावाच्या आडगावात सरकारी डॉक्टर म्हणून रुजू झाले. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. आजूबाजूला सगळी शेतकरी वस्ती, आणि तिथल्या गुरामेंढरांत फाशी म्हणजे काळपुळी हा रोग दर वर्षी यायचा. सकाळी चरायला गेलेलं जनावर संध्याकाळी फुगून पडलेलं असायचं. एखाद्या कुरणावर एकदा रोग आला की ते कुरण वर्षानुवर्षं बाधलेलं राहायचं. लोक म्हणायचे जमीनच शापित आहे.

बायको एमीनं त्यांना एक सूक्ष्मदर्शक भेट दिला होता. रोगी तपासायच्या खोलीतच पडदा लावून कॉख यांनी प्रयोगशाळा केली. मेलेल्या मेंढीचं रक्त लाकडाच्या चिपेवर घेऊन उंदराला टोचायचं, उंदीर मेला की त्याचं रक्त दुसऱ्याला. जंतू वाढवायला बैलाच्या डोळ्यातलं पाणी वापरलं. तिथं त्यांना कुरणाच्या शापाचं उत्तर सापडलं. हा जंतू अडचणीत आला की बीजासारखं कवच धरतो आणि तसाच मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो. १८७६ मध्ये ब्रेस्लाऊच्या विद्यापीठात त्यांनी हे सगळं करून दाखवलं. एक ठरावीक जंतू एक ठरावीक रोग करतो, याचा एवढा पक्का पुरावा आधी कुणी दिला नव्हता. फाशीनं मेलेलं जनावर उघडू नका, कातडं काढू नका, चुना टाकून खोल पुरा असं गुरांचे डॉक्टर आज सांगतात, त्याच्या मुळाशी ही कवचाचीच गोष्ट आहे.

पुढं बर्लिन, टीबीचा जंतू, १८८४ साली कलकत्त्यात तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू, असं यश येत गेलं. मग घसरले. १८९० मध्ये त्यांनी टीबीवर औषध सापडल्याचं जाहीर केलं, पण ते कसं बनवलं हे गुपित ठेवलं. हजारो आशाळभूत रोगी बर्लिनला धावले. औषध फसलं, काहींचा जीव गेला. गुपित ठेवल्यामुळं दुसऱ्या कुणाला ते वेळेवर तपासताही आलं नव्हतं. टीबी झाला आहे का हे ओळखायला मात्र पुढं तेच द्रव्य उपयोगी पडलं, माणसांतही आणि गुरांतही. पण कॉख यांच्या नावाला डाग लागला तो लागला.

अशा पडत्या काळात, १८९६ च्या अखेरीस, त्यांना दक्षिण आफ्रिकेतून बोलावणं आलं. बुळकांडी आफ्रिकेच्या उत्तरेला शिरून आठ-नऊ वर्षांत पार दक्षिणेपर्यंत आली होती. कित्येक भागांत दहातली आठ-नऊ गुरं मेली. दूध गेलं, नांगर थांबला, बैलगाड्या रस्त्यातच उभ्या राहिल्या. गोऱ्या सरकारनं शेकडो मैल तारेचं कुंपण घातलं, पहारे बसवले, रोगी कळपच्या कळप गोळ्या घालून मारले. रोग कुंपण ओलांडून गेलाच. तिथल्या लोकांना वाटलं, आपली गुरं संपवायला हा रोग सरकारनंच आणला. ज्यांच्या डोळ्यांदेखत धडधाकट जनावरांनाही गोळ्या घातल्या, त्यांना दुसरं काय वाटणार?

हिऱ्यांच्या खाणींच्या किम्बर्ली गावात कॉख कामाला लागले. रोगाचा जंतू त्यांना दिसेना. दिसणारही नव्हता, कारण तो विषाणू होता आणि त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाच्या टप्प्यात येत नव्हता. म्हणून त्यांनी वेगळी वाट धरली. बुळकांडीनं मेलेल्या जनावराचं पित्त काढायचं आणि निरोगी जनावराच्या कातडीखाली साधारण १० घन सेंटिमीटर टोचायचं. बहुतेक जनावरं त्यानं वाचू लागली. मात्र पित्त मिळवायला आधी जनावर रोगानं मरावं लागायचं, आणि मिळालेलं संरक्षण काही महिन्यांपुरतंच टिकायचं. पण टीबीच्या औषधासारखं या वेळी काही झाकून ठेवलं नाही. पद्धत सांगून टाकली, आपले सहकारी कोले यांना तिथं ठेवलं. त्यांनी टर्नर यांच्याबरोबर रक्तजल वापरून पुढची चांगली पद्धत बसवली. ट्रान्सवालमध्ये थायलर, तुर्कस्तानात आदिल बे आणि निकोल असे वेगवेगळ्या देशांतले लोक त्याच रोगामागं लागले होते. विषाणू गाळणीतून पार होतो हे १९०२ मध्ये तुर्कस्तानातच सिद्ध झालं.

कॉख स्वतः मात्र १८९७ च्या वसंतात किम्बर्लीहून निघून थेट मुंबईला आले. मुंबईत प्लेग होता, गाड्या भरभरून लोक शहर सोडत होते. जर्मन सरकारच्या प्लेग पथकाचं काम त्यांनी हाती घेतलं. त्याच दौऱ्यात हिंदुस्थान सरकारनं त्यांना बुळकांडीबद्दल सल्ला विचारला आणि ते गाफ्की आणि फायफर यांच्यासह हिमालयातल्या मुक्तेश्वरला गेले. गुरांच्या रोगांची ही सरकारी प्रयोगशाळा मूळची पुण्याची. १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली, पण गावाजवळ असे जहाल रोग हाताळणं धोक्याचं म्हणून १८९३ मध्ये डोंगरात हलवली. पुढं तिथंच १९२० च्या दशकात एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळीतून शेळीत फिरवत मवाळ केला आणि त्याची लस केली. गावोगावच्या गुरांना पुरेल अशी स्वस्त लस त्यातूनच मिळाली.

कॉख यांची आणखी एक चूक सांगायलाच हवी, कारण ती आपल्या चुलीपर्यंत येते. १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत त्यांनी सांगितलं, गाईचा टीबी माणसाला जवळपास होतच नाही, त्यासाठी खास उपाय नकोत. एवढा मोठा माणूस म्हणतो म्हटल्यावर बरेच गप्प बसले असते. पण ब्रिटिश सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि आयोगानं उलटं सिद्ध केलं. दुधातून टीबी येतो, पोरांना जास्त. दूध उकळूनच प्यायचं ते त्यामुळंच.

१९०५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तोवर आणि नंतरही ते आफ्रिकेत गुरांच्या गोचीडतापामागं, माणसांच्या झोपेच्या रोगामागं फिरतच राहिले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन इथं हृदयविकारानं गेले. त्यांच्या अस्थी बर्लिनच्या त्यांच्याच संस्थेत आहेत.

बुळकांडी त्यांच्यानंतर शंभर वर्षं पुरली. १९२० मध्ये हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि रोग युरोपात उतरला. त्या धक्क्यानं २८ देश एकत्र आले आणि १९२४ मध्ये पॅरिसला जनावरांच्या आरोग्याची जागतिक संस्था झाली. आपल्या देशात कुठं रोग निघाला तर तो लपवायचा नाही, बाकीच्यांना कळवायचं, हा तिचा मुख्य नियम. सोपा वाटतो, पण रोग कळवला की बाजार बंद होतात, विक्री थांबते. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा राज्यात गुरांचे बाजार आणि वाहतूक बंद झाली, त्याची झळ सगळ्यांनाच बसली. तलासरीच्या एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला दादरा-नगर हवेली, सोयरिकी तिकडं, बैलांचे व्यवहार तिकडं. गोचीड आणि माशी आच्छाडचा नाका विचारत नाही.

भारतात १९५४ पासून बुळकांडीची मोहीम चालली, १९९२ पासून तिला युरोपीय देशांच्या पैशाची साथ मिळाली. शेवटचं जनावर १९९५ मध्ये तमिळनाडूत आढळलं. २००६ मध्ये देश बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारं जग. माणसानं मुळासकट संपवलेला गुरांचा हा एकच रोग. पाड्यावर येणाऱ्या डॉक्टरच्या बर्फाच्या डब्यात आज लाळ-खुरकुताची बाटली असते, घटसर्पाची असते, फऱ्याची असते. बुळकांडीची नसते.