चित्रशाळेचे विष्णुशास्त्री

एखाद्या जुन्या घराच्या माजघरात गेलात, तर भिंतीवर लाकडी चौकटीत बसविलेले एखादे रंगीत चित्र तुम्हांला दिसेल. मधोमध सिंहासनावर राम व सीता, बाजूला तिघे भाऊ आणि पायाशी हात जोडून बसलेला मारुती. कागद पिवळा पडलेला, कडा कसरीने खाल्लेल्या. परंतु रामाच्या निळ्या अंगकांतीचा रंग अजूनही टवटवीत. अशा चित्रांपैकी कित्येक चित्रे पुण्याच्या चित्रशाळेत छापलेली असत. पानिपतच्या रणभूमीवर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने पुण्यात सदाशिव पेठ वसली आहे. त्याच पेठेत या चित्रशाळेचा छापखाना पुढे पुष्कळ वर्षे चालत होता. गंमत अशी, की ही चित्रशाळा काढण्यात पुढाकार घेतला तो कुंचला धरणाऱ्या चित्रकाराने नव्हे, तर लेखणी धरणाऱ्या एका शिक्षकाने. ते शिक्षक म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकर.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. त्यांचे वडील कृष्णशास्त्री हे त्या काळचे नामांकित विद्वान. सिंदबादच्या सफरी आणि अल्लाउद्दिनाचा दिवा ज्या ग्रंथात आहेत, त्या अरबी गोष्टी मराठीत आणण्याचे काम कृष्णशास्त्र्यांनी आरंभिले होते. अशा घरात पुस्तकांना तोटा नव्हता. विष्णुशास्त्री लहानपणी अबोल होते. चार मुलांत मिसळून दंगा करण्यापेक्षा ग्रंथात तोंड खुपसून बसणे त्यांना अधिक आवडे. डेक्कन कॉलेजातून १८७२ साली ते बी. ए. झाले आणि सरकारी शाळेत शिक्षकाची नोकरी करू लागले. त्या काळी बी. ए. झालेला मनुष्य विरळा. सरकारी नोकरी, ठरलेला पगार, समाजात मान; आणखी काय हवे, असे कोणासही वाटले असते.

परंतु विष्णुशास्त्र्यांचे मन नोकरीत रमले नाही. १८७४ साली त्यांनी ‘निबंधमाला’ नावाचे मासिक काढले. या मासिकाचे संपादक तेच आणि लेखकही तेच. महिन्यामागून महिना एकाच माणसाने संपूर्ण अंक लिहावयाचा, हा उद्योग त्यांनी सुमारे आठ वर्षे चालविला व चौऱ्याऐंशी अंक काढले. आपली भाषा, आपला इतिहास, आपले कवी यांविषयी सुशिक्षितांना लाज वाटू लागली आहे, हे त्यांचे दुःख होते. आणि ते दुःख त्यांनी अत्यंत तेजस्वी मराठीत मांडले. मात्र त्यांची लेखणी जितकी तेजस्वी, तितकीच बोचरी होती. लोकहितवादी आणि महात्मा जोतीराव फुले यांच्यासारख्या थोर सुधारकांवर त्यांनी फार कठोर टीका केली. ती न्यायाची होती, असे आज म्हणता येणार नाही. माणूस मोठा असला, म्हणजे त्याचे प्रत्येक मत बरोबरच असते, असे नाही.

‘निबंधमाला’ वाचणारे लोक होते तरी किती? ज्यांना वाचता येत होते, असे लोकच मुळी थोडे. खेड्यापाड्यांतील शेतकरी, बलुतेदार आणि घरोघरच्या बायका यांच्यापैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापर्यंत निबंध पोचणे शक्य नव्हते; परंतु चित्र पोचू शकत होते. चित्राला वाचता येणारा मनुष्य लागत नाही.

त्या काळी चित्रे कोठे असत? श्रीमंतांच्या वाड्यांत व देवळांत भिंतींवर चित्रे काढीत. चित्रकथी आपल्या पोथीतील चित्रे दाखवीत गावोगाव हिंडत. एखाद्या सरदाराला स्वतःचे चित्र हवे असेल, तर तो चित्रकाराला घरी बसवून ते काढून घेई. हे सर्व हाताचे काम, म्हणून एकाचे एकच; ते गरिबाच्या घरी कोठून येणार? बाजारात परदेशी छापील चित्रे मिळू लागली होती खरी, पण त्यांत चेहरे परके आणि पोशाखही परके. आपल्या देवांची व आपल्या इतिहासातील पुरुषांची चित्रे आपल्याच गावी छापावी आणि ती साध्या माणसाला विकत घेता यावी, या हेतूने विष्णुशास्त्र्यांनी १८७८ साली बाळकृष्णपंत जोशी व शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने चित्रशाळा स्थापन केली. योगायोग असा, की त्याच साली दूर कलकत्त्यासही काही चित्रकारांनी ‘कलकत्ता आर्ट स्टुडिओ’ नावाची अशीच संस्था काढली. राजा रविवर्म्याचा प्रसिद्ध छापखाना मुंबईस निघाला तो १८९४ साली, म्हणजे सोळा वर्षांनंतर.

आता एका चित्राची हजार चित्रे कशी होत, ते पाहू. ही चित्रे दगडावरून छापीत, म्हणून या छपाईला शिळाछाप म्हणत. जर्मनीतील म्युनिक शहरी सेनेफेल्डर नावाचा एक नाटककार होता. स्वतःची नाटके छापण्यास पैसा नाही, म्हणून तो स्वस्त युक्ती शोधीत होता. एके दिवशी धोब्याकडे द्यावयाच्या कपड्यांची यादी लिहिण्यास घरात कागद सापडेना, तेव्हा त्याने ती जवळ पडलेल्या गुळगुळीत दगडावर मेणाच्या शाईने लिहिली, आणि त्यातून खटपट करीत १७९८ च्या सुमारास त्याला ही कला साधली, असे सांगतात. ती आपल्याकडे लवकरच आली. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी १८३१ साली छापलेले मराठी पंचांग शिळाछापाचेच होते.

शिळाछापाचे सारे रहस्य एका साध्या गोष्टीत आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. आमटीवर तेलाची तवंगे तरंगताना तुम्ही पाहिलीच आहेत. छपाईसाठी बारीक कणांचा चुनखडीचा दगड घेत. उत्तम दगड जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातून येई. प्रथम दोन दगडांमध्ये वाळू व पाणी घालून ते एकमेकांवर घाशीत, म्हणजे पृष्ठभाग सपाट होई. मग मेण, चरबी, साबण आणि काजळ यांपासून केलेल्या कांडीने किंवा शाईने चित्रकार त्यावर चित्र काढी. हे चित्र उलटे काढावे लागे. आरशात जशी डावी बाजू उजवीकडे दिसते, तसेच येथेही होते. रामाच्या डाव्या खांद्यावर धनुष्य हवे असेल, तर दगडावर ते उजव्या खांद्यावर काढावयाचे! एकदा काढलेली रेघ सहज पुसता येत नसे आणि दगडाला बोटाचा नुसता स्पर्श झाला, तरी अंगच्या तेलकटपणाने तेथे डाग उमटण्याची भीती. म्हणून चित्रकार हाताखाली लाकडी फळी घेऊन काम करी.

चित्र पुरे झाले, म्हणजे दगडावर बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक आणि थोडेसे आम्ल यांचे मिश्रण लावीत. त्याने चित्र पक्के होई आणि उरलेला कोरा भाग पाणी धरून ठेवू लागे. नंतर दगडावर ओले फडके फिरवीत. कोऱ्या भागावर पाणी बसे. तेलकट रेघा मात्र पाणी झिडकारीत. लगेच शाईचा रूळ फिरविला, की नेमके उलटे होई. तेलकट शाई रेघांना चिकटे आणि ओल्या भागावर ती बसत नसे. मग वर कागद ठेवून यंत्रात दाब दिला, की चित्र कागदावर सुलटे उमटे. पुन्हा पाणी, पुन्हा शाई, पुन्हा कागद. असे शेकडो वेळा.

हे झाले एका रंगाचे. रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागे. पिवळ्यासाठी एक, तांबड्यासाठी एक, निळ्यासाठी एक, आणि छटा अधिक हव्या असतील तर आणखी कित्येक. एकच कागद एकामागून एक या सर्व दगडांवरून जाई. एक रंग वाळल्यावरच दुसरा दगड. बहुधा फिके रंग आधी आणि गडद रंग मागाहून. कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून कडेला खुणा केलेल्या असत. परंतु कागद हा मोठा लहरी पदार्थ आहे. पुण्याच्या पावसाळी हवेत तो फुगतो, उन्हाळ्यात आखडतो. तो केसभर वाढला, तरी तांबडा रंग ओठांवर न पडता गालावर पडावयाचा! छपाई संपली, म्हणजे दगड पुन्हा घासून कोरा करीत आणि त्यावर दुसरे चित्र काढीत. पहिले चित्र मग दगडावर कोठेच उरत नसे. ते उरे केवळ कागदावर, लोकांच्या घरी.

अशा कामाला दगड, यंत्रे, शाई, कागद आणि कसबी माणसे लागत. म्हणजेच पैसा लागे. विष्णुशास्त्री काही धनवान नव्हते. त्याच वर्षी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिकही सुरू झाले होते. जुन्या बखरी व जुनी काव्ये दप्तरांत वाळवी खात होती, ती छापून वाचवावी हा त्याचा हेतू. पुस्तकविक्रीसाठी ‘किताबखाना’ही त्यांनी काढला होता. इतके उद्योग अंगावर असताना याच सुमारास सरकारने त्यांची बदली रत्नागिरीस केली. पुण्यातील कामे एकीकडे आणि पोटाची नोकरी दुसरीकडे. अखेर १८७९ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. निश्चित पगार गेला; चालत्या कामांवर विसंबून संसार चालवावयाचा, एवढेच हाती राहिले. वय अवघे एकोणतीस.

पुढील दोन वर्षांत त्यांनी जे केले, ते सर्वांस ठाऊक आहे. १८८० च्या जानेवारीत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघाले. बळवंतराव टिळक, गोपाळराव आगरकर आणि माधवराव नामजोशी हे तरुण त्यांच्याभोवती जमले. मग आर्यभूषण छापखाना आला. त्याचे सामान हलविताना टिळक, आगरकर आदी मंडळींनी खिळ्यांच्या जड पेट्या स्वतःच वाहून नेल्या. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली.

विष्णुशास्त्र्यांना हे वैभव फार दिवस पाहता आले नाही. १७ मार्च १८८२ रोजी तापाने त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांना बत्तिसावे वर्ष लागलेले होते. ‘केसरी’ जेमतेम सव्वा वर्षाचा आणि चित्रशाळा चार वर्षांची होती.

चित्रशाळा मात्र बंद पडली नाही. पुढे वासुदेव गणेश जोशी, ज्यांना सारे पुणे वासुकाका म्हणे, त्यांनी ती नेटाने चालविली. शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गावोगावचे पोवाडे जमविण्याच्या कामी मोठा वाटा उचलला आणि १८९१ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. १९१० साली चित्रशाळेने ‘चित्रमय जगत्’ हे सचित्र मासिक काढले. त्यातील चित्रे पाहण्यासाठी अक्षरशत्रूही अंक हाती घेत असतील, यात नवल नाही. देवादिकांच्या चित्रांबरोबर मराठ्यांच्या इतिहासातील पुरुषांची चित्रेही चित्रशाळेतून बाहेर पडली आणि ती वाड्यांत, झोपड्यांत, दुकानांत लागली. ज्या घरांत ‘निबंधमाले’चे एक पानही कधी गेले नाही, त्या घरांतही ती गेली.

आता पुन्हा त्या माजघरातील चित्राकडे चला. परंतु या वेळी थोडे जवळून पाहा. सीतेच्या लुगड्याच्या काठाशी कदाचित तांबड्या रंगाची एक बारीक फीत रेघेच्या बाहेर गेलेली दिसेल. एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जाताना तो कागद तेवढाच सरकला होता.