नगराचा वैद्य : पॅट्रिक गेडिस

इंदूर नगरीच्या इतिहासात ज्यांचे नाव आदराने घ्यावयास हवे, अशा एका परदेशी विद्वानाची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस करून द्यावी, या हेतूने आम्ही हे अल्पचरित्र लिहीत आहो.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत असता काही काळ त्यांची दृष्टी गेली. ती परत आली, तरी सूक्ष्मदर्शकाचे काम दुरावले. १८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या, कोंदट वस्तीत मुद्दाम राहावयास गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी तेथील घरे दुरुस्त केली व मोकळ्या जागी बागा फुलविल्या.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. गलिच्छ वस्ती पाडून सरळ, रुंद रस्ता काढावयाचा, ही त्या काळची सुधारणेची रीत. उठविलेल्या गरिबांनी जावे कोठे, याचा विचार क्वचितच होई. गेडिस मात्र गल्लोगल्ली पायी हिंडत. अगदी मोडकळीस आलेली मोजकी घरे काढून उजेडवाऱ्यास वाट करावी, बाकीची वस्ती राखावी, असा त्यांचा आग्रह असे.

१९१७ साली त्यांचा थोरला पुत्र फ्रान्सच्या रणभूमीवर पडला आणि पाठोपाठ पत्नीही निवर्तल्या. हे दुःख उरी धरून त्यांनी होळकर दरबाराचे काम हाती घेतले. इंदुरात तेव्हा प्लेगची दहशत होती. हा साहेब आपली घरे पाडणार, या भयाने लोक त्यांच्याकडे रोषाने पाहत. गेडिस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीची योजना केली. जो भाग अधिक स्वच्छ होईल, तेथून मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. मग काय! घरोघरी झाडलोट व रंगरंगोटी सुरू झाली. मिरवणुकीत सफाई कामगार शुभ्र पोशाखात मानाने चालले. शेवटी घाणीचा राक्षस व प्लेगचा उंदीर यांचे दहन झाले.

१९१८ साली त्यांचा इंदूरविषयक अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. १९१९ पासून त्यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकविले. मालवणचे गो. स. घुर्ये हे त्यांचेच विद्यार्थी. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समध्ये गेडिस यांचे देहावसान झाले.

दंडाचा धाक न घालता, ज्यांना कोणी मान देत नव्हते त्यांना मान देऊन त्यांनी नगर जागे केले. उद्या नगराचा कारभार ज्यांच्या हाती येईल, त्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानी ठेवावे. आणि आज आपल्या गल्लीपासून आरंभ करावा.