घोणशीला नाव देणारा डॉक्टर

शिराळ्यात नाग ओळखायला कोणाला शिकवावे लागत नाही. घोणशीच्या बाबतीत मात्र अजूनही फसगत होते. कोणी तिला अजगराचे पिल्लू समजून हात लावतो, तर कोणी बिनविषारी डुरक्या घोणस दिसताच काठी उगारतो. या घोणशीचे इंग्रजी नाव 'रसेल्स व्हायपर'. हे रसेल एक डॉक्टर होते.

पॅट्रिक रसेल यांचा जन्म १७२७ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर ते सीरियातील अलेप्पोत राहिले. १७६० ते १७६२ दरम्यानच्या प्लेगच्या साथीत त्यांनी रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. १७८१ मध्ये ते भावासोबत विशाखापट्टणमला आले. १७८५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना निसर्गतज्ज्ञ म्हणून नेमले.

सर्पदंशाने माणसे दगावत होती. पण विषारी साप कोणता आणि बिनविषारी कोणता, हे खात्रीने सांगणारे पुस्तक नव्हते. रसेल यांनी साप जमवले, त्यांचे दात तपासले, कुत्र्या-कोंबड्यांवर विषाचा परिणाम पाहिला, पोटावरचे आणि शेपटीचे खवले मोजले. मात्र एकाच जातीच्या दोन सापांतही खवल्यांची संख्या थोडी वेगळी असते. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या सापाचा रंगही उडतो. म्हणून प्रत्यक्ष सापावरून काढलेले रंगीत चित्र गरजेचे होते. घोणशीच्या पाठीवरच्या साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा शब्दांत सांगण्यापेक्षा चित्रात चटकन कळतात.

१७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. त्यात चाळीसहून अधिक चित्रे आणि सापांची स्थानिक नावेही होती. पुढच्याच वर्षी जॉर्ज शॉ यांनी घोणशीला रसेल यांचे नाव दिले. १८०५ मध्ये रसेल वारले. पुस्तकाचा दुसरा खंड त्यांच्यानंतर पूर्ण झाला.

विषावर उतारा त्यांना सापडला नाही. प्रतिविष आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. आज सरकारी रुग्णालयात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवूनही तपासता येते. त्यामुळे दंशानंतर साप पकडून किंवा मारून दवाखान्यात आणू नका, त्यात वेळ जातो आणि दुसऱ्यालाही चावा बसतो. रुग्णाला हालचाल न करू देता थेट रुग्णालयात आणा.

सापाचे चित्र उपयोगी पडते ते दंशाच्या आधी. ऊसतोडीला जाण्यापूर्वी घरातल्या पोरांसह सर्वांनी या चार सापांची चित्रे एकदा नीट पाहून ठेवावीत.